उजवीकडची सीट

कुणाच्या गराजमध्ये जुनी गाडी येऊन पडली, की तिच्यावर गंज चढतो तसे तिच्याभोवती किस्सेही चढत जातात. फरक इतकाच, की गंज घासून काढता येतो. इथं न्यूझीलंडमध्ये, पापाकुऱ्यातली आम्ही मराठी मंडळी भेटलो, की बोलणं हवापाण्यावरून सुरू होतं आणि अण्णांच्या मस्टँगपाशी येऊन थांबतं. मी फार्मसिस्ट. पाना कशाला म्हणतात हेही मला अण्णांनीच शिकवलं. त्यामुळे गाडीतल्या तांत्रिक गोष्टींबाबत माझ्यावर विसंबू नका. बाकी सगळं खरं आहे.

*

अण्णा म्हणजे अनंत गोडबोले, मूळचे कोथरूडचे, मेकॅनिकल इंजिनिअर. न्यूझीलंडमधल्या त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात ते आणि सुलभावहिनी बसस्टॉपवर भिजत उभे होते. समोरून एक लांबलचक अमेरिकन गाडी गडगडत गेली. वहिनी म्हणाल्या, "अशी गाडी घ्यायची एकदा. आणि लांब जायचं कुठंतरी. दोघांनीच."

वहिनी हे विसरून गेल्या. हॉस्पिटलात नर्स होत्या, तिथल्या शिफ्टमध्ये असलं काय लक्षात राहणार? अण्णा मात्र विसरले नाहीत. २०१३ च्या सुमारास कॅलिफोर्नियाहून कंटेनरमधून अडुसष्ट सालची मस्टँग आली. तिच्या डिकीतून आधी कोंबड्यांची पिसं निघाली, मग उंदराचं घरटं. गाडीच्या तळाला एवढं भगदाड होतं, की आत बसून गराजची फरशी झाडता आली असती.

शेजारचा ग्रॅहम जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "शी'ल बी राइट, मेट." म्हणजे होईल सगळं ठीक.

वहिनी म्हणाल्या, "कधी, तेवढं विचारा त्याला."

*

पहिल्या दसऱ्याला गाडीची पूजा करायचं ठरलं. पण गाडी होती कुठं? इंजिन स्टँडवर, दारं पाहुण्यांच्या खोलीत, बॉनेट भिंतीला टेकलेलं आणि उरलेला सांगाडा गराजमध्ये. वहिनींनी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून झेंडू आणले होते. त्या घरभर फिरून एकेका तुकड्याला हळदकुंकू लावत गेल्या. आमच्यातला आयटीवाला शिरीष चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात धरून उभा, आणि गाडीला चाकंच नाहीत!

"फ्रीजमध्ये ठेवा," वहिनी म्हणाल्या. "गाडी पहिल्यांदा बाहेर काढू तेव्हा लागेल."

*

सीटा बसल्या त्या दिवशी वहिनी सवयीने डाव्या दारातून आत शिरल्या आणि स्टिअरिंगला थडकल्या.

"तुझी सीट उजवीकडे," अण्णा म्हणाले.

वहिनी वळसा घालून उजवीकडे जाऊन बसल्या. "म्हणजे ड्रायव्हरच्या जागी मी आणि स्टिअरिंग तुमच्या हातात. यात नवीन काय?"

अण्णांनी समजावून सांगितलं. गाडी अमेरिकेची, रस्ता इथला. पुढे ट्रक असला, की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. "उजवीकडच्याने बघून सांगायचं. तू 'जा' म्हणालीस, की मी ओव्हरटेक करणार."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मागेच राहायचं."

वहिनींनी सीटसाठी मरून रंगाचं कापड पसंत केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात त्यांच्या आई बाथरूममध्ये पडल्या. वहिनी एकुलती एक लेक. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या.

*

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. आई अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. अण्णांना "वहिनी कधी येताहेत?" असं विचारलं, की ते आम्हाला ब्रेकविषयी सांगायचे.

एका शनिवारी गेलो तर इडलीपात्रात कार्ब्युरेटर उकळत होता. लिंबाच्या पाण्यात उकळला की स्वच्छ होतो, असं ग्रॅहमने सांगितलं होतं. त्यासाठी अण्णांनी नवी लिंबं आणली होती. फ्रीजमधल्या त्या लिंबाला कुणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. मागे त्यांचं इडलीपात्र दिसलं असावं. "इडल्या करताय? एकटे?"

"हो."

"फुगल्या का?"

अण्णांनी झाकण उचलून आत बघितलं. "अजून नाही."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ गॅसपाशी पाठमोरे उभे राहिले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण माझ्याच्याने ते झालं नाही. मी चहा टाकला.

*

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा अण्णांनी फोन थेट सायलेन्सरपाशी धरला. सगळी गल्ली हादरत होती. पुण्याहून वहिनींच्या आईंचा आवाज आला, "सुलभा, मिक्सर बंद कर गं."

"मिक्सर नाही, आई. आमची गाडी आहे ती."

पुढचा आठवडाभर अण्णा भेटेल त्याला सांगत होते, "आमची गाडी म्हणाली."

*

गाडी रस्त्यावर आली. पण अण्णा त्याला 'बाहेर काढणं' म्हणत नसत. "टेस्टिंग आहे," म्हणायचे. असं टेस्टिंग कित्येक महिने चाललं. उजवीकडच्या सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं आणि त्या बाजूचं दारही उघडायची बंदी. मागे बसायला आम्ही अण्णांच्या दारातून, त्यांची सीट वाकवून, आत घुसायचो. शिरीषचं पोट एकदा मध्येच अडकलं, तेव्हा ग्रॅहमने त्याला मागून ढकललं.

एकदा आमच्यापुढे ट्रॅक्टर आला. व्ही-एट इंजिन गुरगुरतंय आणि आम्ही शेणाचा वास घेत त्याच्या मागे. शिरीष म्हणाला, "अण्णा, मी पुढे येऊन बसतो. बघून सांगतो तुम्हाला."

"ती सीट बुक आहे."

थोड्या वेळाने एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्याने हात केला.

*

२०१८ च्या उन्हाळ्यात एक मावसबहीण आईंपाशी राहायला तयार झाली आणि वहिनी तीन आठवड्यांसाठी आल्या. अण्णांनी सीटवरचं प्लॅस्टिक स्वतः फाडलं. फ्रीजमधलं लिंबू सुपारीसारखं कडक झालं होतं. चाकाखाली चिरडायच्या ऐवजी ते टुणकन उडून ग्रॅहमच्या अंगणात गेलं. वहिनी पोट धरधरून हसल्या. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यानंतर तीन आठवडे आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही.

पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा मला फोन आला. "तुम्हीपण एअरपोर्टला चला. परत येताना ते एकटे नकोत."

दुसऱ्या दिवशी मी मागे, वहिनींच्या बरोबर पाठीशी बसलो. एक बॅग माझ्या मांडीवर. अण्णांनी मोटरवे सोडून कुरणांमधला मागचा रस्ता धरला होता. गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक पुढे रांगत होता. वेळ होता, पण फार नव्हता.

"बघ गं," अण्णा म्हणाले. "जाऊ का?"

वहिनी खिडकीतून वाकल्या. त्यांच्या खांद्यावरून मीही बघितलं. रस्ता पार टेकडीपर्यंत सरळ होता आणि मोकळा. कुठे चिटपाखरू नव्हतं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "समोरून येतंय."

काय येतंय ते अण्णांनी विचारलं नाही. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा काढला. ट्रकमधून उडालेलं गवत काचेवर येऊन बसत होतं. टेकडी गेली, पुढे पुन्हा सरळ, मोकळा रस्ता लागला.

"आता?"

वहिनी पुन्हा वाकल्या, नीट बघितलं.

"अजून येतंय."