नावाचं शेपूट

धुळ्यात आमच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर अडला की तो दुरुस्त करायला नाना पारोळ्याहून एसटीने यायचे. चपला बाहेर काढायचे, मशीनला हात लावण्याआधी चहा संपवायचे आणि विचारायचे, "शेवटले काय करं?" खोटं सांगितलेलं त्यांना लगेच कळायचं.

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेला. त्या दिवशी नानांना मीच बोलावलं होतं. नरडाण्याच्या अक्कांना वर्षश्राद्धासाठी नवऱ्याचा फोटो हवा होता, आणि तो माणूस फक्त लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत होता. कॅसेट केव्हाच खराब झालेली, कॉम्प्युटरमधली फाईल तेवढी उरलेली. ती फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना, म्हणून मी तिच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, काढून फोटोच्या फाईलीचं लावलं. मग ती कशातच उघडेना.

मी खरं ते सांगितलं. ते हसले. "भाऊ, बैलनं नाव घोडा ठेवं, तरी तो बैलच शे. काही बिघडेल नही."

जुनं शेपूट लावलं, तसा लग्नाचा बँड वाजायला लागला. व्हिडिओ थांबवून पडद्यावरचं चित्र कसं उचलायचं, ते त्यांनी नुसतं तोंडी सांगितलं. माउसला बोट लावलं नाही. फेट्यातला हसरा चेहरा मीच फोटोत उतरवला.

अक्का फोटो पदराने पुसत त्यांना म्हणाल्या, "नाना, तुमना हातले यश शे."

चपला घालता घालता, स्टुडिओच्या मालकांच्या देखत, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माना नही, अक्का. त्याना हातले."