घशाखाली न उतरणारी गोळी

माझी वहिनी लोकांचे कोट दुरुस्त करते. नवे कोट शिवणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याने शिवलेला कोट उसवायचा, माणूस सुटला असेल तर सैल करायचा, वाळला असेल तर आवळायचा आणि कुठे हात लागलाय ते कुणाला कळूही द्यायचं नाही, हे काम आमच्या भागात ती एकटीच करते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. एक लांब टेबल, त्यावर जुनी जड लोखंडी इस्त्री, भिंतीला आरसा आणि दांडीवर ओळीने लोकांचे कोट. मी तिची नणंद. मागच्या गल्लीत राहते, बेकरीत गल्ल्यावर बसते, आणि माझं तोंड जरा जास्त चालतं असं सगळेच म्हणतात. वहिनी मला चेष्टेने 'वन्सं' म्हणते.

टाचण्या ओठांत धरायच्या आणि त्याच ओठांनी गिऱ्हाइकाशी बोलायचं, ही तिची जुनी सवय. एकदा एक ढेरपोटे साहेब कोटाचं माप द्यायला आरशासमोर उभे होते. ही म्हणाली, "श्वास सोडा साहेब, तो काय दिवसभर धरून ठेवणार आहात?" साहेब म्हणाले, "सोडलेलाच आहे." वहिनीला हसू फुटलं आणि एक टाचणी आत गेली. मग एक्स-रे, धावपळ, रडारड. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं आणि टाचणी आपल्या वाटेने बाहेर आली. तेव्हापासून ती मनगटावर टाचण्यांची उशी बांधते. पण तिच्या घशाने जो धसका घेतला तो घेतलाच. जेवण जातं, पाणी जातं. गोळी जिभेवर ठेवली की घसा दार लावून घेतो. ताप आला की ती गोळी चुरून साखरेच्या पाण्यातून घ्यायची आणि आम्ही सगळे तिला हसायचो.

या वर्षी तिला जे झालं त्याला काही निमित्त नव्हतं. लोक विचारतात, काय झालं होतं? काही नाही. कुणी गेलं नाही, कुणाशी भांडण नाही. ती हळूहळू गप्प होत गेली एवढंच. दांडीवर कोट साचायला लागले. सुईत दोरा न ओवता ती तासन्‌तास बसून राहायची आणि गिऱ्हाईक आलं की "पुढच्या आठवड्यात" म्हणायची. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मी दोनदा सांगितलं. "दमली असेल," तो म्हणाला. माझा दादा भला माणूस आहे, पण घरोघरचे पाण्याचे मीटर वाचून वाचून त्याला वाटायला लागलंय की काटा फिरतोय म्हणजे सगळं ठीक आहे.

मग एका दुपारी मी पाव द्यायला गेले तेव्हा वहिनीने माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"वन्सं, दुपारची मला घरात एकटीला ठेवू नका," ती म्हणाली. "मला माझीच भीती वाटते."

मी पुढे काही विचारलं नाही, विचारायचं धाडसच झालं नाही. बेकरीतल्या बाईला फोन करून सांगितलं की मी आज येत नाही. दादा घरी येताच त्याला बाजूला घेऊन असं काही झापलं की तो खुर्चीत बसूनच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर शांतपणे बोलत होते. हा आजार आहे, लाड नाहीत की आळस नाही, असं त्यांनी दादाकडे बघून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. गिळायला काही त्रास नाही ना, असंही विचारलं. वहिनीने मानेनेच नाही म्हटलं. पन्नाशीची बाई, समोर शिकलेला माणूस, मला गोळी गिळता येत नाही हे कसं सांगणार? दादाला आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या दुखण्यापुढे तो घशाचा धसका कुठला टिकतोय. आम्हीही गप्प बसलो.

रोज सकाळी दादा पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहायचा. वहिनी गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि दादा समाधानाने कामाला जायचा. चार-पाच दिवसांत तिची तब्येत अशी बिघडली की माझी पाचावर धारण बसली. सकाळी मी जाऊन बसले की तासाभरात तिला दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, उलट्या व्हायच्या. माझा हात उचलून ती छातीवर ठेवायची. आतलं धडधडणं मला तळव्याला लागायचं. "हे औषध मला नेणार," ती म्हणायची. "माझ्यात जे थोडं उरलंय तेही हे संपवणार."

एका सकाळी तिला उशीला टेकवून मी पुढच्या खोलीत टेबल आवरायला गेले. इस्त्री थंडच होती, पण जागची हललेली. मी ती उचलली. खाली कपड्याचे बेत आखून कापायच्या पातळ कागदाची घडी होती, आणि घडीत चिकटून उरलेली पांढरी पूड.

मला कळेना रागवावं की रडावं. गोळी ती जिभेखाली धरून ठेवत होती, दादाची पाठ वळली की कागदाच्या घडीत घालून इस्त्रीचा भार टाकत होती, आणि ती पूड पाण्यातून घेत होती. फेकून देणं किती सोपं होतं. तिला ते औषध हवं होतं. बरं व्हायचं होतं तिला. हे लक्षात आलं तेव्हा मला जास्तच भीती वाटली, कारण ती जीव लावून जे करत होती त्यानेच तिचे हाल होत होते.

मी गोळ्यांचं पाकीट आणि ती घडी घेऊन औषधांच्या दुकानात धावले. तिथल्या बाईंनी कागद उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही चुरली?" त्या म्हणाल्या. "अहो, ही दिवसभर थोडी थोडी विरघळणारी गोळी आहे. वरचं आवरण मोडलं की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. अशी अर्धीसुद्धा करायची नसते."

"मग आता देऊ नको का?"

"ते मी ठरवायचं नाही आणि तुम्हीही नाही. आत्ता डॉक्टरांना फोन करा. पेशंटला लगेच त्यांच्याकडे घेऊन जा."

गेलो. दादाही कामावरून परस्पर आला. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, बराच वेळ बसवून ठेवलं. धोका टळलाय म्हणाले. मग वहिनीने टाचणीपासून सगळं सांगितलं, मान खाली घालून. डॉक्टर हसले नाहीत. "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. अशी कितीतरी माणसं असतात," ते म्हणाले. त्यांनी ती गोळी बंद केली. पातळ औषधंही मिळतात, पण वाकून शिवून जडलेल्या वहिनीच्या पाठीच्या दुखण्यालाही उपयोगी पडेल असं एक दुसरं औषध त्यांच्या मनात होतं. त्याची एक खास कॅप्सूल येते. ती उघडून आतले बारीक दाणे गार, मऊ पदार्थावर टाकायचे आणि लगेच न चावता गिळायचे. दाण्यादाण्याला आवरण असतं, म्हणून चावायचं नाही. "आणि प्रत्येक कॅप्सूल उघडायची नसते. ही चालते, कारण ही त्यासाठीच केलेली आहे," त्यांनी बजावलं.

एवढं बोलून त्यांनी कागद बाजूला सारला आणि वहिनीकडे सरळ बघत विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

असं कुणी विचारतं का? वाटत नसेल तर विचारल्याने वाटायला लागेल, असंच मला वाटलं.

"हो," वहिनी म्हणाली. "रोज."

दादा तोंडात मारल्यासारखा बसला होता. डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं, तिने उत्तरं दिली. मग ते आम्हाला म्हणाले, "विचारल्याने असा विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. रोज विचारा. अशाच सरळ शब्दांत. घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात ठेवा. नवं औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. कधी कधी आधी बेचैनी वाढते. जरा जरी जास्त वाटलं तर वेळ न बघता इस्पितळात आणा."

बाहेर आल्यावर दादा जिन्यातच थांबला. "मी रोज तिच्यासमोर पेला घेऊन उभा होतो," तो म्हणाला. माझ्या तोंडात टोमणा तयार होता, पण तो मी गिळला.

खास कॅप्सूल दुकानात नव्हती. औषधवाल्या बाईंनी मागवली. आली ती त्याच औषधाची साधी, अखंड गिळायची कॅप्सूल. बाईंनी ती परत केली, आणि मी तिथेच त्यांच्याशी भांडले. उघडून देता येणार नाही का? त्यात आणि ह्यात काय एवढं? माझा जीव टांगणीला लागला होता. घरी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि इथे हे नियम. बाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा चुरून झालंय ना?" मी ओट्यावर बसून रडले.

ती वाट बघणं मी विसरणार नाही. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला की मी दारावर थाप मारायची. ती "आहे" म्हणायची. कधी म्हणायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात माझा हात कडीवर गेलेला असायचा. दर दोन दिवसांनी डॉक्टरांकडे नेत होतो. आणि दादा रोज सकाळी, अंगणातला मीटर वाचतोय अशा कोरड्या आवाजात विचारायचा, "मरावंसं वाटतं का?" ती म्हणायची, "हो." तो म्हणायचा, "बरं. मी आज घरीच आहे." पहिल्या दिवशी त्याचा आवाज चिरकला होता. पण विचारायचं तो चुकला नाही.

शेवटी बाईंनीच चार ठिकाणी फोन करून पत्ता लावला. दादा बसने शेजारच्या गावी गेला आणि डबी खिशात धरून उभ्याउभ्याच परतला. बाईंनी डबी उघडून नाव वाचलं, आम्हालाही वाचायला लावलं, मगच घरी नेऊ दिली. वहिनीने सफरचंद शिजवून गार केलेला गर वाटीत घेतला. दादाने कॅप्सूल उघडली. दाणे पांढरे, खसखशीएवढे. चमचा तोंडाजवळ नेऊन ती थांबली.

"आणि हे घेऊनही असंच वाटत राहिलं तर?"

"तर परत डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

तिने डोळे मिटून चमचा तोंडात घातला. घशाची हालचाल आम्ही दोघं वेड्यासारखे बघत होतो. उतरलं. वर पाणी प्यायली.

आणि तिला लगेच बरं काही वाटलं नाही. मी तर मनात बरं वाटायची घाई करून बसले होते. पहिल्या आठवड्यात तिची झोप आणखी उडाली, एकदा जास्तच वाटलं म्हणून तिला इस्पितळातही नेलं. पण दाणे रोज उतरत होते. दादाचा प्रश्नही रोज. "हो." "हो." "हो." मग एका सकाळी "थोडं." दादाने मला कामावर फोन करून तो एक शब्द सांगितला आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा "हो" होतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी सकाळी पाव घेऊन गेले तेव्हा दादा वाटीत दाणे टाकत होता. वहिनीने ते गिळले, आणि त्याने नेहमीसारखं विचारलं. उत्तराला एवढा वेळ लागला की मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आज उठल्यापासून आठवलंच नाही," ती म्हणाली. स्वतःचंच नवल वाटल्यासारखं तिने आमच्याकडे पाहिलं, आणि लगेच घाबरून दादाची बाही धरली. "पण उद्या विचारा हं. विचारायचं थांबवू नका."