निळ्या काठाचा कप

ठाणे स्टेशनाजवळच्या त्या हॉटेलात भिंतभर आरसे होते, संगमरवरी टेबलं होती आणि बायकामाणसांसाठी हिरव्या पडद्याआडची फॅमिली रूम होती. रविवारी सकाळी उशिरा तिथे जाऊन जेवणाइतका नाश्ता करायची टूम तेव्हा नवी होती. मॅट्रिकचा निकाल असो की ठरलेलं लग्न, आनंद साजरा करायचा तो तिथेच. ताईचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी कल्याणहून निरोप धाडून आम्हाला तिथेच बोलावलं.

आईला क्षय होता. कोपरीच्या आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. तिचं अंथरूण वेगळं, निळ्या काठाचा कप वेगळा. व्याह्यांना यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर लग्न मोडलंच असतं.

त्या सकाळी तिनं तो कप फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला.

"तिथे चहा घेऊच नकोस ना," वडील म्हणाले.

"मुलीच्या लग्नाचा चहा, नाही कसं म्हणू? आणि त्यांच्या कपातून प्यायले, तर उद्या त्यातूनच कुणाचं तरी पोर पिईल."

हॉटेलात बटाटेवडे आले, शिरा आला. आईनं उपास सांगितला. ती पदर तोंडाशी धरून बसली होती, ते व्याह्यांना मर्यादशीलपणाचं वाटलं. मग चहा आला आणि तिनं पिशवीतून आपला कप काढून पुढे केला.

वेटर थबकला. "बाई, आमचे कप उकळत्या पाण्यातून काढतो. कुणाची जात चिकटून राहत नाही त्यांना."

ताईचे सासरे सुधारक माणूस. घरच्या कार्यात सगळ्या जातींची एकच पंगत बसवणारे. त्यांचा चेहरा उतरला. "विहीणबाई, अहो स्वराज्य आलं, तरी हे चालूच?"

टेबलाखाली ताईनं माझा हात घट्ट धरला. वडील आरशाकडे बघत राहिले.

"मला नाही चालत," आई खाली बघत म्हणाली. "जुनी खोड आहे. मुलींना मात्र मी यातलं काही शिकवलेलं नाही."

सासऱ्यांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. आईनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मिठागरावरच्या बायका दुपारी आमच्या ओटीवर टेकायच्या. आजारी पडायच्या आधी हीच आई त्यांच्या फडक्यातली भाकरी मोडून खायची. सोवळं तिच्या गावीही नव्हतं.

लग्न झालं. ताईची पहिली दिवाळी यायच्या आत आई गेली. न्यूमोनिया झाला, असं आम्ही कल्याणला कळवलं. भेटायला आलेले सासरे वडिलांना म्हणाले, "बाई फार भल्या. तेवढं सोवळं मात्र सुटलं नाही त्यांचं."

"नाही सुटलं," वडील म्हणाले.

मला ताईच्या सासऱ्याचा राग येतो, आणि तो खरोखर चांगला माणूस होता म्हणून जास्तच येतो. पुढे ताईची मुलं बोलायला लागल्यावर तो त्यांना मांडीवर घेऊन हौसेनं सांगायचा, "तुमची आजी हॉटेलातसुद्धा घरचा कप घेऊन आली होती." मुलं खिदळायची. आजीविषयी त्यांना तेवढंच ठाऊक होतं. ताईही त्यांच्याबरोबर हसायची.