जोड्या लावणारे शेजारी

मेंदू तल्लख राहावा म्हणून तुम्ही नातवंडं मला मोबाइलवर गेम खेळायला सांगता, तर आधी आमच्या शेजाऱ्यांचं ऐका. हे निवृत्त गृहस्थ रोज ओसरीवर बसून मोबाइलवर पालथ्या चित्रांच्या जोड्या लावतात. जोडी जमली की कपाळावर टिचकी मारतात आणि मला म्हणतात, "डोक्याले धार लावून राह्यलो, वहिनी."

धार खरोखरच लागली. पूर्वी डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या या माणसाला आता कोणाच्या लग्नात आपल्याला पंगतीत उशिरा बसवलं, तेही आठवतं.

परवा त्यांचा धाकटा भाऊ आसेगावहून तुरीच्या शेंगा घेऊन आला. दोघांत कशावरून तरी वर्षानुवर्षे अबोला होता. पुढे कारणच विसरल्यामुळे येणंजाणं सुरू झालं होतं. तो टेकतो न टेकतो तोच शेजारी म्हणाले, "आठवलं मले. शेताच्या धुऱ्यावरचा निंब तूच तोडला होता."

"कायले उकरून राह्यले, दादा? जाऊ द्या."

"तोडला का नाही, ते सांग."

भाऊ चहा न घेता निघून गेला.

शेजाऱ्यांच्या बायकोने शेंगांची पिशवी उचलत मला विचारलं, "ताई, विसराचा गेम नाही निघाला का एखादा?"

नातवंडांना विचारते, असं मी तिला सांगितलं आहे. तेवढं बघा.