राजाची खुर्ची

पीण्याच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून मी नाटकांचे सेट करायला लागले, तेव्हापासून आईचं एकच पालुपद: "सोड ते." चामराजपेटेतल्या आमच्या घरात सकाळचा चहाही त्याशिवाय उकळत नसे. मी म्हणायचे, एकदा येऊन बघ आणि मग काय ते बोल. ती काही येईना.

शेवटी जे. पी. नगरच्या एका सभागृहात इटालियन ऑपेरा होता, त्याला आली. सेट माझा. जुन्या युरोपात करायचे तसा रंगवलेला रस्ता: पुढची घरं दोन पुरुष उंच, मागची लहान होत होत शेवटचं जेमतेम कमरेएवढं, आणि फळ्यांची जमीन मागे चढत गेलेली. मधोमध बसून बघितलं की रस्ता मैलभर लांब वाटतो. तिकडच्या दरबारी थिएटरांत ती जागा राजाची असे. कडेला बसलेल्याला नुसत्या तिरक्या फळ्या दिसतात. गायकांनाही फार मागे जायची बंदी, नाहीतर माणूस छपराहून उंच!

म्हणून आईसाठी मी मधली खुर्ची धरून ठेवली होती. पहिला प्रवेश संपत आला तेव्हा विंगेतून डोकावले, तर खुर्ची रिकामी. बाईसाहेब पार कडेला, भिंतीपाशी! माझं डोकंच फिरलं. एवढा जीव काढून रस्ता उभा केला, आणि ही फळ्या बघत बसणार. म्हणजे उद्या सकाळी पुन्हा तेच "सोड ते". रागाच्या भरात दृश्य बदलायचा दोर मी जरा जास्तच जोरात ओढला.

मध्यंतरात तिच्यापाशी जाऊन फणफणले, "आई, तुला मधे बसायला सांगितलं होतं ना? इथून काय कपाळ दिसतंय?"

"बसले होते की मधे. तिथून घरं झकास दिसतात. पण तू कुठं दिसत नव्हतीस," ती शांतपणे म्हणाली. "इथून विंगेतलं दिसतं. म्हणून इथं बसलेल्या त्या अण्णांना म्हटलं, स्वल्प सरका, जरा जागा द्या."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज चढवला, "आणि काय गं, केस मोकळे सोडून दोर ओढतेस? अडकले म्हणजे? रोज अंबाडा घालून जात जा कामाला."

कामाला, म्हणाली. मला तिथंच, सगळ्या लोकांत, रडू फुटलं.