सुंदराबाईचा पहिला श्रोता

सटवाजीमामा गाणं ऐकायला निघाले की खिशात पक्कड ठेवायचे. टोपी विसरतील, चष्मा विसरतील, पण पक्कड कधी विसरली नाही. मुखेडच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत ते शिपाई होते आणि मी नवा कारकून. पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर कार्यक्रमाला गेलो तेव्हा मला वाटलं, मंडप उभारायला मदत करणार असतील.

गायन पार्टी रंगात आली, पेटी-ढोलकी जमली, गवयाने हात वर केला की मामा हळूच उठायचे. मंडपाच्या मागे खांबाला भोंगा बांधलेला असायचा. त्याची वायर पकडीने सैल करायचे आणि परत येऊन मांडी घालून, डोळे मिटून बसायचे. भोंगा गप्प. लोक ओरडायचे, माईकवाला आपल्या मशीनकडे धावायचा, आणि मामा मात्र गवयाचा उघडा गळा ऐकत असायचे. एक कडवं संपलं की पुन्हा मागे जाऊन वायर जोडून यायचे. कुणाला पत्ता लागायचा नाही.

"साहेब, भोंगा गाढवाचाबी आवाज मोठा करतो," असं त्यांचं म्हणणं. "गवई हाय का न्हाई ते वायर निघाल्यावर कळतंय."

अर्धापूरला एक नावाजलेली पार्टी आली होती. गवयाच्या अंगात रेशमी जाकीट. वायर निघाली तसा तो थांबला आणि स्टेजवर चहा पीत बसला. मामा उठलेच. "चला. हा तारंचा गवई हाय." केळीच्या बागांच्या कडेने आम्ही एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आलो, आणि वाटभर ते त्या जाकिटाची टिंगल करत होते. मुदखेड जंक्शनला रेल्वेच्या चाळीत मात्र उलट झालं. गवई म्हातारा होता, मालगाडी शेजारून जात होती आणि वायर निघालेली. तरी शब्द न शब्द ऐकू येत होता. मामांच्या डोळ्यांतून धारा. तीन गाणी होईपर्यंत त्यांनी वायर जोडलीच नाही, माईकवाल्याच्या हाती सापडता सापडता वाचले. असे मनात राहिलेले कार्यक्रम त्यांच्यापाशी सात-आठच होते. कचेरीत फायलींना टाचण्या लावता लावता ते आळीपाळीने सांगायचे, आणि दर वेळी मालगाडीचे डबे वाढायचे.

मी शेतकरी घरातला. हे कार्यक्रम बहुतेक बौद्धवाड्यात व्हायचे; नोकरी लागेपर्यंत मी तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि मामांबरोबर जायला लागलो तेव्हाही घरी खरं सांगत नव्हतो.

"घरी काय सांगून आलात?" मामांनी एकदा विचारलं.

"दौरा आहे म्हणून सांगितलं."

"बरं केलं. दौराच हाय की हा." ते हसले, पण मला लाज वाटली. ती वाटायला हवीच होती.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या खात्याने रस्त्याची कामं काढली. खडी फोडायला गावंच्या गावं आली. मामांना हजेरी घ्यायला कामावर पाठवलं, आणि आठ दिवसांत त्यांच्याविरुद्ध तक्रार आली, की हजेरी अर्धी टाकून हा माणूस दगडावर बसून राहतो. मेमो मीच टाईप केला. मामांनी तो घेतला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "मेमो द्या साहेब. पर एक डाव येऊन ऐका."

मी गेलो. उन्हात बायांची रांग बसलेली, हातोड्यांचा ठेका चाललेला आणि त्यात एक बाई गात होती. वय पंचविशीचं असेल. नाव सुंदरा. नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला तो परत आला नव्हता. रांग लांबलचक, टोकाला पाण्याचा टँकर उभा, आणि तिचं जयंतीचं गाणं त्या टँकरपाशी जसंच्या तसं पोचत होतं. माझ्या अंगावर काटा आला. सरकारी सुकडी खाऊन जगणाऱ्या बाईला एवढा आवाज कुठून येतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

"इथं काढायला वायरच न्हाई," मामा म्हणाले. एवढं सुखी मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढची दहा वर्षं मामांनी त्या आवाजामागे घातली. जुनी पेटी मिळवली, तिच्या भावाला ढोलकी शिकायला लावली, गावोगावच्या जयंती मंडळांना पत्रं लिहवून घेतली. ती पत्रं अर्थातच मी लिहायचो. लोक त्यांना पार्टीचे मालक समजायचे. मामा म्हणायचे, "न्हाई बा. म्या ऐकनारा हाय." पण ऐकणारा कडक होता. "मधल्या कडव्यात दम चोरलास बाई," असं तोंडावर सांगायचे, आणि सुंदराबाई मान खाली घालून ऐकून घ्यायची. त्यांना ती दादा म्हणायची. बाकीचे दिवस ती मजुरीच करत होती.

वायरीची खोड मात्र सुटली नाही. तिच्या प्रत्येक कार्यक्रमात ते एक कडवं तरी उघडं ऐकायचेच. तिला हे ठाऊक नव्हतं. "दादा, माज्या नशिबाला नीट भोंगाच न्हाई बग," असं ती म्हणायची. मामा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे आणि मी हसायचो. मी हसायचो, हे इथे लिहून ठेवतो.

मग लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं, माणसं कमी. आमच्या दोघांचीही तिकडे बदली झाली. जिल्हा झाल्याच्या आनंदात तिथल्या एका मंडळाने मोठ्या मैदानावर कार्यक्रम ठरवला. ते मंडळ माझ्या जातवाल्यांचं, त्यात माझा सख्खा मामेभाऊ होता. त्याच्यामागे लागून मी सुंदराबाईला अर्ध्या तासाची वेळ मिळवून दिली. बौद्धवाड्याबाहेरच्या स्टेजवर ती पहिल्यांदाच गाणार होती. नभोवाणीचे एक अधिकारी ऐकायला येणार होते. त्यांना आवाज पटला तर रेडिओवर बोलावणार, आणि एकदा रेडिओवर नाव आलं की तिची खडी, निंदणी, सगळं सुटणार होतं. दुसरी संधी येणार नव्हती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं आणि मामांना आमच्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं.

"मामा, आज पक्कड घरी," मी सकाळीच बजावलं.

"हाव," ते म्हणाले.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू झाला. मैदान माणसांनी भरलेलं. सुंदराबाई पांढऱ्या लुगड्यात स्टेजवर आली तेव्हा मामांनी माझा हात घट्ट धरला. पहिलं गाणं छान झालं. नभोवाणीचे अधिकारी पुढे झुकून ऐकत होते. दुसरं गाणं उचललं आणि भोंगे बंद पडले. मी शेजारी पाहिलं तर मामांची जागा रिकामी.

ते आले, मांडी घालून बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "त्या रेडिओवाल्याला कळू द्या, खरा आवाज काय असतो ते."

"मामा, आधी जोडून या."

"एकच कडवं."

कडवं संपल्यावर ते उठले. पण तेवढ्यात ऐकू येईना म्हणून मागची गर्दी पुढे सरकली होती, आणि पोलिसांनी स्टेजच्या मागच्या बाजूला दोर लावला होता. मामा दोरापाशी हात जोडून सांगत होते, "मला वायर जोडायची हाय." पोलिसाने त्यांना ढकललं. माईकवाला मैनोद्दीन मशीन उघडून आत बिघाड शोधत होता. मी उठून त्याला सांगायला हवं होतं, की बिघाड खांबावर आहे. मी अर्धा उठलो आणि बसलो. मामा जोडतीलच, असं मला वाटलं.

सुंदराबाई थांबली नाही. खडीच्या रांगेवर पोचला होता तो आवाज इथेही पोचेल असं तिला वाटलं असणार. पण दुष्काळातली ती रांग गप्प असायची. हे मैदान "आवाज, आवाज" करून ओरडत होतं, आणि वारा उलटा होता. तिने पट्टी वर नेली. पेटीवाल्या माणसाने मानेने नको म्हटलं तरी नेली. अधिकारी घड्याळ बघून उठले ते तिने पाहिलं आणि आणखी जोर लावला. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गळा फाटला. तिने पदर तोंडाला लावला. काढला तेव्हा पदरावर रक्त होतं.

डॉक्टर झाले, औषधं झाली, महिना महिना मौन झालं. गाणं गेलंच, पण बोलणंही गेलं. उरली ती फक्त कुजबुज.

खांबावरची सुटलेली वायर नंतर सापडली, आणि बौद्धवाड्यात एकच बोललं गेलं: आपल्या बाईला मोठ्या स्टेजवर गाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मंडळवाल्यांनी मुद्दाम वायर काढली. असं आमच्या भागात घडत आलेलं होतं, त्यामुळे पुरावा कुणी मागितला नाही. माझ्या मामेभावाचं नाव घेतलं गेलं. मैनोद्दीन माझ्याकडे येऊन रडला. "साब, अपनी मशीन में कुछ खराबी नै थी. कोई सुनताच नै." त्याला पुन्हा जयंतीचं काम मिळालं नाही. वर्षभरात त्याने भोंगे विकले.

मी बोललो नाही. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, हा आपल्या भावाला वाचवायला एका गरीब शिपायाचा बळी देतोय. हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. खरी गोष्ट अशी, की दहा वर्षं ती पक्कड मला ठाऊक होती, आणि ते सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

मामा त्या दिवसापासून कुठल्याच गाण्याला गेले नाहीत. कचेरीबाहेर जयंतीची मिरवणूक आली की खिडक्या लावून घ्यायचे. टाचण्या लावताना आता काही सांगत नसत. सुंदराबाईचा विषय मी एकदा काढला, तर म्हणाले, "साहेब, मला खरा आवाज दावायचा हुता." अशी बारा वर्षं गेली.

निवृत्त झाले त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "मुखेडला जायचं हाय, बाईकडं. संगट या. येकल्याच्यानं व्हनार न्हाई."

बाजाराचा दिवस होता. सुंदराबाई मिरच्यांचा ढीग लावून बसली होती. तिला भाव ओरडता येत नव्हता. शेजारी वांगी विकणारी बाई स्वतःचा भाव ओरडायची आणि पाठोपाठ हिचाही. मामा ढिगापुढे जमिनीवर बसले.

"बाई, लातूरची वायर म्या काढली हुती."

ती तोलत होती. ताजवा खाली ठेवला. तिचं बोलणं कळायला आम्हाला वाकावं लागलं.

"तू?"

"हाव. आन त्याच्या आदीच्याबी. समद्या. तुजा उघडा गळा ऐकायसाठी."

ती बराच वेळ मिरच्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "दादा, बारा वर्सं म्या त्या लोकायला शिव्या देऊन राहिले. सकाळी उठलं की पैली शिवी त्यायला. त्याच्यावर दिस निघत हुता माजा. आता कुणाला देऊ?"

"मला दे."

"तुला न्हाई देता येत. तूच मला गायला लावलास." ती थांबली. एवढं बोलूनच दम लागला होता. "सांगून तू मोकळा झालास. माज्याकडं काय ठेवलास? आता येऊ नकोस."

मामा उठले. एसटीत खिडकीशी बसून राहिले. ते मोकळे वगैरे काही झाले नव्हते. घरी पोचल्यावर त्यांनी अंथरूण धरलं, आणि वर्ष पुरतं व्हायच्या आत गेले. मी शेजारी असताना एकदा म्हणाले, "म्या नुसतं ऐकायला पायजे हुतं." औषधाला त्यांनी तोंड उघडलं नाही.

मयतीनंतर मी मुखेडला गेलो. कुणीतरी सुंदराबाईला सांगायला हवं होतं. पुन्हा बाजार, पुन्हा त्याच जागी ती. मी सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला, खूप वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मी वाकलो.

"तुमी तवा दादाच्या शेजारीच बसला हुतात. तुमालाबी ठावं हुतं?"

"हो," मी म्हणालो.

ती पुन्हा काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी आणखी वाकलो, तरी नाही. शेवटी वांगीवाली बाई माझ्यावर ओरडली, "बाजूला सरा म्हनून राहिली ती. मागं गिऱ्हाईक हाय."