वरचं रोप

नर्सरीवाल्यानं मला फसवलं, आणि मी माझ्या बायकोला.

सांगलीत घर बांधून झालं तेव्हा बायकोनं एकच गोष्ट मागितली, अंगणात सोनचाफा. बियांचं रोप नको, त्याला फुलं यायला सात-आठ वर्षं लागतात; कलम आणा, म्हणाली. मी साताऱ्याहून येताना हायवेलगतच्या एका नर्सरीत शिरलो. कुपवाडमध्ये भाड्याच्या एका लेथवर मी कारखाना उभा केला, तो घासाघीस करूनच. कुठलीही वस्तू सांगितलेल्या भावात घेतली तर मला रात्री जेवण जात नाही. तासभर हुज्जत घातली. भाव तुटेना, तेव्हा म्हणालो, "गड्या, एक कलम घेतो, पण वर एक घाल."

"साहेब, ही काय कोथिंबीर हाय व्हय, वर घालायला?"

मी गाडीकडं वळलो. त्यानं हाक मारली आणि दुसरी पिशवी आणून ठेवली.

"दोन्ही कलमंच ना?"

"व्हय, व्हय. दोन्ही कलमंच."

विकतच्या कलमाचा सांधा मी बोटानं चाचपून पाहिला. वरच्याचा पाहिला नाही.

विकतचं मी कारखान्याच्या गेटाशी लावलं. गिऱ्हाईक येतं, चार लोक बघतात. वरचं घरी नेलं. बायकोनं खड्डा खोल घ्यायला लावला. आमच्या काळ्या मातीत पाणी साचतं आणि चाफ्याची मुळं कुजतात, म्हणून तळाला मुरूम आणि वाळू घातली. तांदळाचं धुवण, शेणखत, उन्हाळ्यात बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन, सगळं तिनंच केलं. झाड गच्चीला लागलं. कळी एक नाही.

गेटाचा चाफा दुसऱ्याच वर्षी फुलला. मी रोज चार फुलं खिशातून आणायचो. "बाजारातनं आणली," म्हणायचो. ती एक केसात खोवायची आणि बाहेर जाऊन झाडाचा शेंडा न्याहाळायची. "झाड निकोप आहे," म्हणायची. "वेळ घेतंय."

पाचव्या वर्षी ती आजारी पडली. पलंग तिनं खिडकीशी ओढून घेतला, झाड दिसावं म्हणून. माझा लेथवरचा जुना कामगार तिला भेटायला आला, तो रुमालभर फुलं घेऊन.

"आपल्या गेटावरची हायत, वैनी. लय फुलतोय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासनं की! दोन्ही झाडं एकदमच आणल्याली न्हवं साहेबांनी?"

तो गेल्यावर तिनं रुमाल माझ्याकडं सरकवला.

"अहो, चांगलं गेटाला लावलंत, आणि वरचं मला होय?"

मी बाहेर गेलो. झाडाच्या बुंध्याशी बसून माती उकरली. सांधा नव्हताच. सरळ बियांचं रोप.

दुसऱ्याच दिवशी नर्सरी गाठली आणि त्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "आवं साहेब, दानाच्या गायीचं दात कोण मोजतंय? तुमी पिळून घेतलं, म्या पिळून दिलं."

परत आलो तेव्हा ती झोपली होती. पावसाळा सरायच्या आत ती गेली.

यंदा तिच्याऐवजी मी झाडाला पाचट घातलं. अजून कळी नाही. पलंग खिडकीशीच आहे.

चांगलं मी गेटाला लावलं, ते माझं मी भोगीन. पण मी त्या नर्सरीवाल्याला सरळ विचारलं होतं, आणि तो "व्हय, व्हय" म्हणाला होता. 'वरचं रोप बियांचं हाय' एवढंच बोलला असता, तर ते मी गेटाला लावलं असतं. त्यानं माझ्या अंगणात यावं, या झाडाखाली उभं राहावं, खिडकीकडं तोंड करावं आणि सांगावं, का बोलला नाही ते.